समाजभवनाची किल्ली उन्हाळ्यापुरती द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ज्येष्ठ नागरिकांसाठी उन्हाळ्यातल्या सूचना छापून आल्या. सकाळी अकरानंतर घराबाहेर पडू नये, ताक-पन्हं घ्यावं, डोक्याला दुपट्टा बांधावा. सगळं खरं आहे आणि मी ते पाळते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. त्या दुपारी आमच्या कूलरची मोटर जळाली आणि आम्ही दोघं दाराला ओल्या चादरी लावून बसलो होतो, हे मला अजून आठवतं. पण त्या सूचनांत एक गोष्ट राहून गेली. अकरा ते सहा बंद घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलायला कोण असतं? मुलं पुण्या-बंगळुरूला असतात, भजनी मंडळाला सुट्टी असते, वाचनकट्टा बंद असतो. आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, समाजभवनाला १५ एप्रिलपासून थेट शाळा उघडेपर्यंत कुलूप असतं, आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीशिवाय उघडत नाहीत.

ते समाजभवन रविवारी सकाळी दीड तास उघडावं, एवढ्या मागणीसाठी हे पत्र आहे. ही मागणी माझ्या मनात कुठून आली ते सांगितल्याशिवाय ती कुणाला समजायची नाही, म्हणून पत्र लांबणार. जागा असेल तेवढं छापा.

मी एकाहत्तर वर्षांची निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं भूगोल शिकवला. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझे यजमान गेले. त्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात झाली. ते देव मानत नसत, मी मानते. माझं माहेर वारकरी, संध्याकाळी हरिपाठ झाल्याशिवाय घरात पानं वाढली जात नसत. लग्नानंतर पंचेचाळीस वर्षं मी कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला जायची आणि ते बाहेर माझ्या चपलांपाशी उभे राहायचे. मी येईपर्यंत दोन उसाचे रस सांगून ठेवलेले असायचे. यावरून आमचं कधी भांडण झालं नाही.

भांडण झालं ते त्यांच्या मागे. माझे दिवस करू नका, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्यांचे मित्र म्हणाले, आपण शोकसभा घेऊ. माझा भाऊ म्हणाला, "ताई, निदान हरिपाठ तरी होऊ दे." मला दोन्ही हवं होतं आणि एकाच ठिकाणी हवं होतं. सभागृहाचा अर्ज घ्यायला गेले, तर त्यात रकाना होता: कार्यक्रम धार्मिक की इतर. दोन्हींचे दर वेगळे, नियम वेगळे. मी म्हटलं, दोन्ही आहे. टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, एकावर खूण करा." मी अर्ज तसाच घरी आणला. शेवटी दोन दिवशी, दोन घरी, दोन कार्यक्रम झाले. मित्र हरिपाठाला आले नाहीत, भाऊ शोकसभेला आला नाही. त्या एका माणसावर जीव असलेले आम्ही सगळे एका सतरंजीवर बसू शकलो नाही.

हे शल्य घेऊन मी गेल्या वर्षी जूनमध्ये लेकीकडे गेले. ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनपासून तासाभरावरच्या एका गावात राहते. जावई तिथलाच आहे. दर रविवारी दोघं नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन गावातल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळीत जातात. पांढरी लाकडी इमारत, वर उंच मनोरा, त्यामुळे पहिल्या रविवारी मला वाटलं की मी चर्चमध्येच आले आहे. आत क्रूस नव्हता. समोर एका टेबलावर एक चषक होता आणि सभेच्या सुरुवातीला त्यातली ज्योत माझ्या नातवानं लावली. १९४० साली नाझींपासून पळणाऱ्या निर्वासितांना मदत करायला युनिटेरियनांनी एक समिती काढली होती. तिच्या कागदांवर उमटवायला एक खूण हवी होती, म्हणून हान्स डॉइच नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकारानं १९४१ मध्ये हा ज्योतीचा चषक काढून दिला. तो स्वतःच निर्वासित होता. हे मला नातवानं सांगितलं आणि मी नंतर पडताळून पाहिलं. शिक्षकी सवय.

युनिटेरियन म्हणजे मुळात 'देव एकच' असं मानणारे ख्रिस्ती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य त्यांना मान्य नव्हतं. ट्रान्सिल्व्हेनियात डेव्हिड फेरेंट्स नावाच्या धर्मोपदेशकानं हे उघडपणे सांगितलं आणि १५६८ साली तिथल्या तोर्डा गावच्या सभेनं उपदेशकांना आपापल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मोकळीक दिली. पुढे राजा बदलला, वारं फिरलं आणि १५७९ मध्ये हा फेरेंट्स तुरुंगात मेला. युनिव्हर्सलिस्ट निराळे. देव कुणालाही कायमचा नरकात टाकणार नाही, सगळेच तरतील, असं ते म्हणत. अमेरिकेत हे दोन प्रवाह १९६१ साली एक झाले. आज त्यांच्या मंडळ्यांत ख्रिस्ती आहेत, ज्यू घरांतले आहेत, बौद्ध ध्यान करणारे आहेत, सूर्य-चंद्राचे सण पाळणारे आहेत आणि देव न मानणारे तर पुष्कळ आहेत. सदस्य होताना अमुक एक मानतो असं कुणाकडून वदवून घेत नाहीत. एकमेकांशी कसं वागायचं याचा करार मात्र असतो आणि तो सगळे मिळून मोठ्यानं म्हणतात. २०२४ साली त्यांच्या संघटनेनं आपली मूल्यं नव्यानं लिहून काढली. मध्यभागी प्रेम आणि त्याभोवती न्याय, समता, औदार्य, बहुविधता, परस्परावलंबन, परिवर्तन. वाचायला हे छान आहेच. मला पाहायचं होतं ते हे की, माझे यजमान आणि माझा भाऊ या बाकांवर शेजारी शेजारी बसले असते का.

मी पोचले त्या पहिल्याच रविवारी फुलांचा सोहळा होता. तिथे मंडळीचं वर्ष संपताना, मे-जूनमध्ये, हा सोहळा करतात. प्रत्येकानं एक फूल आणायचं, सगळी फुलं एकत्र ठेवायची आणि जाताना दुसऱ्या कुणाचं तरी फूल घेऊन जायचं. लेकीच्या अंगणातलं पिओनीचं फूल घेऊन मी गेले आणि कुणीतरी बरणीत खोचून आणलेलं रानडेझी घेऊन परतले. ही चाल प्रागच्या नॉर्बर्ट चापेक यांची. त्यांच्या मंडळीत कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू अशी सगळीकडून निघून आलेली माणसं होती. ब्रेड आणि द्राक्षारसाचा जुना विधी त्यातल्या अनेकांना नकोसा झाला होता. मग सर्वांना एकत्र आणील असं काय करावं, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९२३ च्या जूनमध्ये त्यांनी सगळ्यांना फुलं आणायला सांगितलं. १९४१ मध्ये नाझींनी त्यांना पकडलं, पुढे डाखाऊच्या छळछावणीत टाकलं आणि १९४२ मध्ये ठार मारलं. त्यांच्या पत्नी माया यांनी १९४० मध्येच हा सोहळा अमेरिकेत नेला होता. ही हकीकत ऐकताना मला त्या अर्जावरचा रकाना आठवला. त्यांच्यापुढेही हाच पेच होता आणि त्यातून त्यांना फूल सुचलं.

मग उन्हाळा लागला. तिकडचा उन्हाळा म्हणजे तीस-बत्तीस अंश. तेवढ्यात ते लोक कोमेजतात. जुन्या इमारतीत एसी नाही, म्हणून बाकांवर कागदी पंखे ठेवलेले असतात आणि सभा नेहमीपेक्षा तासभर आधी भरते. पूर्वी न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य भागातल्या, अशा कितीतरी मंडळ्या जुलै-ऑगस्टमध्ये दारंच लावून घेत. पैसेवाले सदस्य समुद्रकाठी नाहीतर डोंगरात जात आणि मिनिस्टर, म्हणजे तिथले धर्मोपदेशक, तेही सुट्टीवर. आमच्या समाजभवनासारखंच. आताही मिनिस्टर दोन महिने नसतात, पण दार उघडं राहतं. सदस्यच पाळीपाळीनं रविवार चालवतात. खुर्च्या लावणं, चषक उजळणं, गाणी निवडणं, बोलणं, शेवटी कॉफी करणं, सगळं. लेक म्हणाली, "आई, खरी मंडळी तुला उन्हाळ्यातच कळेल." तसंच झालं. मिनिस्टर शिकलेला असतो, सर्वांना सांभाळून बोलतो. उन्हाळ्यात मात्र प्रत्येक जण आपलं जे असेल ते घेऊन उभा राहतो.

जुलैच्या पहिल्या रविवारी एक निवृत्त वायरमन बोलला. वय अठ्ठ्याहत्तर, देव न मानणारा. वादळात तारा तुटल्या की रात्रभर खांबावर चढून काम करायचं, असं आयुष्य गेलेलं. विषय होता: आभार मानायचे आहेत, पण मानायचे कुणाचे? बर्फाच्या वादळात चौथ्या रात्री एका गल्लीत दिवे लागले आणि बंद घरांमधून लोक ओरडले. तो खांबावर एकटाच होता. त्या वेळी छातीत जे भरून आलं ते कुणाकडे पाठवावं हे आपल्याला माहीत नाही, म्हणून ते आपण पुढच्या गल्लीकडे नेतो, असं तो म्हणाला. मी पदरानं डोळे पुसले. कोराडीचा संच बंद पडून पुन्हा सुरू झाला की पहाटे घरी येऊन माझे यजमान काही न बोलता चहा करायचे, दोन कप. ते त्यांचं देवाचं करणं होतं, हे मला त्या परक्या गावात कळलं.

पुढच्या रविवारी एक बाई बोलल्या. कॅथलिक घरात वाढलेल्या, खिशात अजून जपमाळ बाळगणाऱ्या. देवानं मला कॅन्सरमधून हात धरून बाहेर काढलं, असं त्या म्हणाल्या. बोलणं झाल्यावर उन्हाळ्यात तिथे अर्धा तास सगळे गोल बसतात. या मंडळीचा त्या अर्ध्या तासाचा नियम एकच: आपल्याबद्दल बोला, दुसऱ्याचं खोडू नका. एका गृहस्थांचा चेहरा उतरला होता. त्यांचा मुलगा त्याच आजारानं गेला होता. ते एवढंच म्हणाले, "माझ्या मुलाचा हात कुणी धरला नाही. हे मी तुमच्या विरोधात सांगत नाही, पण ते मनात ठेवून मला इथे बसता येणार नाही." दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. त्या बाईंनी उत्तर दिलं नाही, समजावलं नाही. उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. नंतर दोघांनी मिळून कॉफीचे कप विसळले.

ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्याकडे सर्वधर्मसमभाव म्हटलं की व्यासपीठावर चार वेषांतली चार माणसं, चार हार आणि एक फोटो. त्यांच्यापैकी कुणीही दुसऱ्याला दुखेल असं खरं काही बोलत नाही, म्हणून कुणाला कुणाशेजारी जाऊन बसावंही लागत नाही.

सभेच्या मध्यावर सुखदुःखाच्या मेणबत्त्या असतात. ज्याला वाटेल त्यानं पुढे जायचं, एक मेणबत्ती लावायची, दोन वाक्यं बोलायची किंवा काहीच बोलायचं नाही. कुणाला नात झाली, कुणाची नोकरी गेली, कुणाचा कुत्रा मेला. यजमानांच्या वाढदिवसाला, जुलैच्या तिसऱ्या रविवारी, मी उठले. इंग्रजीत सुरुवात केली आणि मध्येच मराठीत आले. हरिपाठाचा पहिला अभंग म्हटला. मग सांगितलं की, ज्यांच्यासाठी म्हटला त्यांना तो पाठ होता, पण पटत नव्हता. माझ्या एका बाजूला तो वायरमन उभा राहिला, दुसऱ्या बाजूला जपमाळवाल्या बाई. अर्जाच्या दोन्ही रकान्यांवर त्या दिवशी खूण झाली.

सगळं गोड होतं असं मी लिहिणार नाही. 'प्रार्थना' हा शब्द आला की तिथे काही जण अवघडतात, तो गळला की दुसरे काही जण हळहळतात. एका गाण्यात 'देव' ठेवायचा की नाही यावर समितीच्या तीन बैठका झाल्या, हे लेकीनं सांगितलं. आणि बाकांवरची बहुतेक माणसं गोरी, शिकलेली, खाऊन-पिऊन सुखी. हे तेच बोलून दाखवत आणि त्याचा त्यांना त्रासही होत होता. मला त्यावरून आपली प्रार्थना समाजाची गोष्ट आठवली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी त्यांनी मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी तीच गोष्ट सांगितली. युनिटेरियनांचा आणि आपला संबंध जुना आहे. मद्रासमध्ये विल्यम रॉबर्ट्स नावाच्या तमिळ माणसानं १७९५ मध्येच युनिटेरियन चर्च काढलं होतं. राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टलमध्ये वारले, ते तिथल्या युनिटेरियन स्नेह्यांच्या सहवासात. मेघालयात जोवाईला हाजोम किसोर सिंग यांनी १८ सप्टेंबर १८८७ ला खासी लोकांची युनिटेरियन मंडळी सुरू केली, ती आजही आहे. मुंबईत १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला. त्याचे लोक तुकोबांचे अभंग गायचे आणि युनिटेरियनांशी त्यांचा स्नेह होता. त्याच समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. १९०३ मध्ये अॅमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेला हजर राहून परत आले आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं केलं. अस्पृश्य वस्तीत बिऱ्हाड करून राहिले. उपासना मंदिराची भिंत त्यांना पुरेना. सुशिक्षित, सुस्थितीतल्या माणसांच्या उदार धर्माला हा माणूस रस्त्यावर घेऊन आला, असं मी त्यांना सांगितलं. ऑक्सफर्डचं त्यांना माहीत होतं, शिंद्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं.

मग मी आमच्या भागाचं सांगितलं. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम. ३० एप्रिल १९३६ ला, विदर्भाच्या भर उन्हाळ्यात, गांधीजी तिथे राहायला आले. आश्रमात उघड्या मैदानावर सर्वधर्मप्रार्थना होते, तिच्यात कुराणातल्या ओळी आहेत, पारशी मंत्र आहे, जपानी बौद्ध मंत्रही आहे. अमरावतीच्या बाजूला मोझरी, तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज. तिथल्या सामुदायिक प्रार्थनेला विदर्भातली गावंच्या गावं बसलेली मी लहानपणी पाहिली आहेत. मूर्ती नाही, समोर फक्त मांडलेलं आसन.

बोलणं संपल्यावर बौद्ध ध्यानाचा गट चालवणाऱ्या एका तरुणीनं विचारलं, "नागपूर म्हणजे १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी दीक्षा घेतली तेच ना? तिथे आत कसं वाटतं?" मला उत्तर देता आलं नाही. दीक्षाभूमी माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ची तारीख मी वर्गात शिकवली आहे. दसऱ्याच्या दिवसांत लाखो माणसं येतात म्हणून त्या बाजूचा रस्ता टाळला आहे. आमच्या शेजारच्या बाई बावीस वर्षं मला म्हणत आहेत, "एकदा चला ना माझ्यासोबत." मी दर वेळी हसून पुढच्या वर्षीचं सांगितलं. त्या गोलात, जिथे खोटं बोलायची गरज नव्हती, मी हे सांगितलं. मला फार लाज वाटली. कुणी माझी समजूत घातली नाही, ते बरं केलं.

सप्टेंबरमध्ये मिनिस्टर परतले आणि पाण्याचा सोहळा झाला. १९८० साली मिशिगनमध्ये युनिटेरियन स्त्रियांच्या एका मेळाव्यात याची सुरुवात झाली. आता उन्हाळा संपून सगळे परत आले की करतात. ज्यानं-त्यानं उन्हाळ्यात जिथे काळ घालवला तिथलं थोडं पाणी आणायचं आणि एका भांड्यात ओतायचं. समुद्राचं, तळ्याचं, आजोबांच्या विहिरीचं. कुणी हॉस्पिटलच्या नळाचं आणलं होतं. लेकीनं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी नागपूरहून बॅगेत औषधाची छोटी बाटली भरून नेली होती, घरच्या नळाची. ओतताना म्हटलं, हे पेंच नदीचं पाणी, आमचं शहर यावर उन्हाळा काढतं. त्यातलं थोडं पाणी उकळून जपून ठेवतात आणि पुढे बाळाचं नाव ठेवताना वापरतात. म्हणजे तिकडच्या एखाद्या बाळाच्या कपाळाला पेंच लागणार.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंबरोबर दीक्षाभूमीला गेले. स्तूपाच्या आत आम्ही दोघी फरशीवर बसलो. बाहेर येऊन त्यांनी मला बोधिवृक्ष दाखवला आणि आम्ही चहा घेतला. त्याहून जास्त इथे लिहावंसं वाटत नाही.

या एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी माझ्या अंगणात, कडुनिंबाखाली, सतरंज्या घातल्या. वेळ पहाटे सहा, कारण साडेसातला आमच्या अंगणात ऊन येतं. पहिल्यांदा चौघं होतो. शेजारच्या बाई, माझा भाऊ, यजमानांचे एक मित्र आणि मी. भाऊ आणि ते मित्र तीन वर्षांनी एकमेकांशी बोलले. आता चौदा-पंधरा जण येतात. एक जण दहा मिनिटं बोलतो: मी कशाच्या आधारावर जगतो. मग पाच मिनिटं शांत बसायचं, मग ज्याला वाटेल त्यानं बोलायचं, आणि तोच नियम, आपल्याबद्दल बोला, दुसऱ्याचं खोडू नका. माइक नाही, शाल-श्रीफळ नाही, फोटो नाही. शेवटी ताक. मागच्या गल्लीतल्या एका मुस्लिम आजींनी रोजा आणि उन्हाळा एकत्र आले होते त्या वर्षांबद्दल सांगितलं. तहानेबद्दल इतकं नेमकं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ताकाचा पेला हातात धरून सगळे बराच वेळ तसेच बसले. मेच्या पहिल्या रविवारी आम्ही फुलं आणली. माझा मोगरा भावाशी न बोलणाऱ्या यजमानांच्या त्या मित्रानं नेला, मला शेजारच्या बाईंच्या दारचा बहावा मिळाला, भावाला कुणाची तरी कण्हेर.

पण अंगण पुरत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसांना सतरंजीवर बसता येत नाही, खुर्च्या सहाच आहेत, आणि मेअखेरचा नऊ दिवसांचा नवतपा लागला की सहा वाजताही अंगणात गरम झळा येतात. शंभर पावलांवर समाजभवन आहे. उंच छत, चार पंखे, दोन डेझर्ट कूलर, पन्नास खुर्च्या, आणि दाराला कुलूप. मी व्यवस्था पाहणाऱ्यांना दोनदा भेटले. पहिल्यांदा म्हणाले, उन्हाळ्यात कुणी येत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, देवाधर्माचं बोलणं झालं की वाद होतात, जबाबदारी कुणाची? त्यांची भीती मला समजते. मी त्यांना सांगितलं की, वाद होऊ नये म्हणून आम्ही वेगवेगळ्या घरांत बसतो, ते मी करून पाहिलं आहे. विजेचं बिल आम्ही देऊ, झाडू आम्ही मारू, कूलरमध्ये पाणी आम्ही भरू. किल्ली शनिवारी संध्याकाळी घेऊ, रविवारी आठला परत करू. अर्जात एकच बदल हवा. धार्मिक की इतर, या रकान्यात 'दोन्ही' लिहायला जागा ठेवा.

नागपुरात असे बंद हॉल प्रत्येक ले-आउटमध्ये आहेत. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या हातात अशी किल्ली असेल त्यांनी एक उन्हाळा हे करून पाहावं, एवढी विनंती आपण छापावी.

तोपर्यंत आम्ही कडुनिंबाखालीच आहोत. मृग लागून पहिला पाऊस पडला की ज्यानं-त्यानं आपल्या गच्चीवरचं पाणी वाटीत धरून आणायचं ठरलं आहे. येत्या रविवारी आमच्या भागात कूलर दुरुस्त करणारे एक कारागीर बोलणार आहेत. "मॅडम, मले काय बोलता येते?" असं म्हणून दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात थंड हवा सोडून मी उन्हात निघतो, ते सांगतो." सकाळी सहाला. येताना बसायला काहीतरी घेऊन यावं, ताक आमच्याकडे आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
नागपूर